बर्गरमधलं पाणी

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि पहिल्याच शनिवारी मुलीनं जेवायला बसता बसता सांगून टाकलं, की ती यापुढे मांस खाणार नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "नको वाटतं." तेरा वर्षांच्या मुलीशी यावर काय वाद घालणार? माझी अडचण वेगळीच होती. आमच्या घरी शनिवारची रात्र म्हणजे बर्गर आणि फ्राइज, आणि ते करायचं काम माझं. आठवडाभर स्वयंपाकघरात मला कोणी विचारत नाही, शनिवारी मात्र माझं राज्य. आता त्या राज्यात बिनमांसाचा बर्गर करायचा होता आणि तो कसा करतात याचा मला पत्ता नव्हता.

वाटलं, त्यात काय एवढं? राजमा उकडला, एक बटाटा उकडला, कांदा कच्चाच चिरला, सगळं मिक्सरमध्ये घातलं, मीठमसाला टाकून फिरवलं, गोळे थापले. तव्यावर पहिला गोळा टाकला आणि चार मिनिटांनी उलथनं घातलं. खालचा थर तव्याला, वरचा उलथन्याला, मधला दोघांच्याही हाती लागला नाही. शेवटी सगळं खरवडून वाडग्यात काढलं. मुलीनं ते इमानदारीत बनला फासून खाल्लं आणि म्हणाली, "चव छान आहे, बाबा. पण ही चटणी झाली ना."

दुसऱ्या शनिवारी आईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, पीठ घाल की थोडं. मिळून येईल." घातलं. आलं नाही मिळून, म्हणून आणखी घातलं. थोड्याचं थोडं करत वाटीभर मैदा कधी गेला ते कळलं नाही. पॅटी थापली गेली, उलटली गेली, दिसायलाही झकास. चावलं तर आत खळ! लहानपणी वहीची कव्हरं चिकटवायला करायचो ती, तशीच्या तशी. आणि नवल तरी कशाचं? पीठ आणि पाणी एकत्र तापवलं की खळच होणार. साठ-सत्तर अंश सेल्सिअसला पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो. मी पातेल्याऐवजी पॅटीच्या पोटात खळ केली होती, इतकंच.

हात धुता धुता तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की कमी काय पडलंय हे शोधण्यात मी दोन शनिवार घालवले होते. जास्त काय झालंय हे बघितलंच नव्हतं. जास्त झालं होतं ते पाणी. राजम्यात पाणी, बटाट्यात पाणी, कच्च्या कांद्यात पाणी, आणि मिक्सरचं भांडं धुताना ते नीट निथळलंही नव्हतं.

खिम्याच्या पॅटीचं असं होत नाही, कारण तिथे बांधायचं काम आच करते. कच्च्या मांसातली प्रथिनं तापली की घट्ट होतात आणि सगळं धरून ठेवतात. राजम्यातली प्रथिनं उकडतानाच घट्ट होऊन बसलेली असतात, तव्यावर त्यांना नवीन काही करायचं उरत नाही. बाजारात मांसासारख्या दिसणाऱ्या वनस्पतीजन्य पॅटी मिळतात, त्यांतल्या बऱ्याच पॅटींमध्ये यासाठी मेथिलसेल्युलोज घातलेलं असतं. हा पदार्थ मोठा गमतीचा आहे. जिलेटिन थंड झालं की घट्ट होतं, हा तापला की घट्ट होतो आणि निवला की सैल पडतो. शिवाय २०१६ मध्ये आलेल्या इम्पॉसिबल बर्गरमध्ये तर सोयाबीनच्या मुळांच्या गाठींत असणारं लेगहिमोग्लोबिन हे लोहयुक्त प्रथिन यीस्टकडून तयार करवून घेऊन घातलेलं असतं, म्हणजे पॅटी कापल्यावर आत लालसर दिसते आणि चवही मांसाकडे झुकते. हुशारीचं काम आहे, पण माझ्या उपयोगाचं नाही. जिला मांसच नको वाटतंय तिच्या ताटात रक्ताळलेला राजमा कशाला वाढू?

मला त्यापेक्षा ग्रेगरी सॅम्स या लंडनच्या गृहस्थांची गोष्ट जास्त कामाची वाटली. १९८२ मध्ये त्यांनी 'व्हेजीबर्गर' नावानं जे विकायला आणलं ते कोरडं मिश्रण होतं. घरी आणायचं, पाणी घालायचं, थापायचं. म्हणजे पाणी किती, हे शेवटी ठरायचं. मी नेमकं उलटं करत होतो: पाणी आधीच आत, आणि मग त्याच्यामागे पीठ घेऊन धावणं.

तिसऱ्या शनिवारपासून ठरवलं, की आधी सगळ्याचं पाणी काढायचं, बांधायचं नंतर बघू.

दोनशे ग्रॅम राजमा रात्री भिजत घातला. सकाळी भिजवणीचं पाणी फेकून ताज्या पाण्यात शिजवला. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन असतं. अर्धाकच्चा राजमा मूठभरही पोटात गेला तरी काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. तो निदान दहा मिनिटं तरी खळखळून उकळला पाहिजे, आणि मी अर्धा तास धरतो. मंद आचेवर तासन् तास शिजवणाऱ्या इलेक्ट्रिक भांड्यात राजमा थेट टाकू नये, कारण तिथलं तापमान बहुधा उकळीपर्यंत जात नाही आणि दाणे मऊ होऊनही विष तसंच राहू शकतं. प्रेशर कुकरमध्ये ही काळजी नाही, पण तिथे दुसरा धोका: दाण्याचा लगदा होतो. दाणा बोटात दाबला की दबावा, पण आकार सोडू नये, इथे थांबायचं.

मग चाळणीत निथळून ट्रेवर पसरला आणि ओव्हनमध्ये १७५ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवला. ओव्हन नसेल तर पसरट तव्यावर मंद आचेवर हलवत राहायचं, काम तेच. दाण्यांची सालं तडकतात, वरून खडबडीत दिसायला लागतात, बोट लावलं तर ओल लागत नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, तू शिजवलेलं परत वाळवतोयस." हो. तेच करतोय.

मशरूमची तऱ्हा याहून वाईट. त्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच. अडीचशे ग्रॅम बारीक चिरून कोरड्या गरम तव्यावर टाकले, वर चिमूटभर मीठ. पाच मिनिटांत तव्यात तळं झालं. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं, झालं, शिजले. नाही. ते पाणी पूर्ण आटू द्यायचं. चर्र असा आवाज पुन्हा यायला लागला की मग चमचाभर तेल घालून तांबूस होईपर्यंत परतायचं. एवढ्या मोठ्या ढिगाचे शेवटी दोन मुठी उरतात, पण त्या दोन मुठींना चव असते. पाणी असेपर्यंत तव्यातलं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि ज्या खरपूस वासासाठी आपण तळतो-भाजतो, तो देणारी माइयार अभिक्रिया जोमानं चालायला साधारण १४० अंश लागतात. लुई-कामिय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ती १९१२ मध्ये मांडली. म्हणजे पाणी आटवणं हे नुसतं पॅटी फुटू नये म्हणून नव्हतं, चवही तिथेच अडकली होती. पहिले दोन शनिवार मी सगळं वाफवत होतो आणि खरपूसपणा का येत नाही म्हणून मसाला वाढवत होतो.

मोठा कांदाही असाच, बारीक चिरून तपकिरी होईपर्यंत. चार पाकळ्या लसूण शेवटी. वरून दोन चमचे सोया सॉस घालून तोही तव्यातच आटवला. मशरूम आणि सोया सॉस दोघांतही ग्लुटामेट हे भरदार चव देणारं द्रव्य भरपूर असतं. त्या चवीला १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं 'उमामी' नाव दिलं. बिनमांसाच्या पॅटीत काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं ते बहुतेक वेळा हेच असतं.

आता बांधणी. साठ ग्रॅम ओट्स जाडसर भरडून घेतले. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवली, ती बुळबुळीत झाली. या सगळ्या प्रकरणात मी स्वतःहून घातलेलं पाणी तेवढंच. चाळीस ग्रॅम अक्रोड जाडसर कुटून, कारण राजम्यात चरबी जवळजवळ नसतेच आणि चरबी नसली की घास घशात बसतो. पुढे एक युक्ती सापडली: वास नसलेलं खोबरेल तेल फ्रीझरमध्ये गोठवून किसून घालायचं, दोन मोठे चमचे. हे तेल २४ अंशांच्या आसपासच वितळतं, त्यामुळे उन्हाळ्यात बाटलीत ते पाण्यासारखं असतं. गोठवल्याशिवाय किसणार काय? किस घालून झरझर मिसळायचं. तव्यावर ते कण आतल्या आत वितळतात आणि पॅटी रसरशीत लागते. मीठ, मिरपूड, जिरेपूड आणि असलाच तर धुरकट पाप्रिका, हे आपापल्या जिभेवर.

मिक्सरला मात्र हात लावायचा नाही. राजमा काट्यानं किंवा पावभाजीच्या स्मॅशरनं ठेचायचा आणि तिसरा हिस्सा अख्खाच ठेवायचा. चावायला काही उरलं नाही तर ती चटणीच.

एवढ्यात नव्वद-नव्वद ग्रॅमच्या आठ पॅटी होतात. मांसाची पॅटी शिजताना आक्रसते, म्हणून ती बनपेक्षा मोठी थापायची सवय माझ्या हाताला होती. ही आक्रसत नाही. जेवढी थापाल तेवढीच राहते, त्यामुळे पहिल्या खेपेला पॅटी बनच्या चारी बाजूंनी छत्रीसारखी बाहेर आली. बनच्याच मापाची, दीड-दोन सेंटिमीटर जाड, कडा बोटानं गुळगुळीत. मग तासभर फ्रिजमध्ये, म्हणजे उरलीसुरली ओल ओट्स आणि जवस पिऊन टाकतात.

आणि तव्यावर टाकल्यावर चार मिनिटं हात बांधून उभं राहायचं. हे सगळ्यात अवघड. उलथनं घालून बघावंसं फार वाटतं. खाली कवच धरलं की पॅटी आपणहून तवा सोडते. सोडत नसेल तर ती अजून तयार नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिसऱ्या शनिवारी पहिली पॅटी अख्खी उलटली तेव्हा मी बायकोला बाहेरून हाक मारून बोलावलं. ती आली, बघितलं, "बरं" म्हणाली आणि पंख्याखाली परत गेली.

तिचंही चूक नव्हतं. स्वयंपाकघराची भट्टी झाली होती. राजमा उकडायचा, ओव्हन लावायचा, मशरूम आटवायचे, आणि मग कढई चढवायची. हे संध्याकाळी उन्हाळ्यात करणं म्हणजे वेडेपणा. त्यानंतर सगळी मांडणीच बदलली. उकडणं-आटवणं सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत. पॅटी ट्रेवर सुट्या गोठवायच्या आणि मग मध्ये कागद घालून डब्यात रचायच्या. संध्याकाळी फ्रीझरमधून थेट तव्यावर, आच जरा कमी, वेळ जरा जास्त. एकदा मात्र सकाळी मिश्रण करून ओट्यावर ठेवलं आणि फोनवर बोलत बसलो ते दुपारीच उठलो. शिजवलेल्या राजम्यासारखं काही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभराच्या वरही नको. मी झाकण उघडलं तेव्हा आंबूस वास आला. आठ पॅटींचा ऐवज कचऱ्यात. दोष द्यायला दुसरं कोणीही नव्हतं.

फ्राइजबद्दल मला घमेंड होती. बटाटा कापायचा, तळायचा, मीठ. पण नीट आठवलं तर माझे फ्राइज कायम पहिल्या पाच मिनिटांतच चांगले असायचे. पॅटीनं पाण्याकडे बघायला शिकवल्यावर इथेही तेच दिसायला लागलं. बटाट्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी. वरचं कवच कुरकुरीत झालं तरी आतली वाफ बाहेर यायचा मार्ग शोधत असते, आणि वाटेत तेच कवच मऊ करून जाते.

आधी बटाटाच चुकीचा होता. उन्हाळा म्हणून मी बटाटे फ्रिजमध्ये ठेवत होतो. थंडीत बटाट्यातला स्टार्च साखरेत बदलायला लागतो. असा बटाटा तेलात पडला की दोन मिनिटांत तपकिरी, आणि आत कच्चा. त्यात आणखी एक भानगड आहे. साखर आणि अ‍ॅस्परजिन हे अमिनो आम्ल १२० अंशांच्या वर एकत्र तापलं की अ‍ॅक्रिलामाइड हे घातक मानलं जाणारं रसायन तयार होतं. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ते तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत असल्याचं दाखवून दिलं आणि तेव्हापासून फ्राइज सोनेरी झाले की काढा, तपकिरी होऊ देऊ नका, असं सांगितलं जातं. म्हणून बटाटे आता फ्रिजबाहेर, अंधाऱ्या हवेशीर कोपऱ्यात.

नवा बटाटा पाणीदार आणि मेणचट, तो उकडून सॅलडला छान. फ्राइजना जुना, पिठूळ हवा. कोणता कुठला हे ओळखायला एक जुनी परीक्षा आहे: एक भाग मीठ आणि अकरा भाग पाणी असं द्रावण करायचं आणि त्यात बटाटा सोडायचा. पिठूळ बुडतो, मेणचट तरंगतो. मुलीला हा खेळ इतका आवडला, की एका सकाळी घरातले सगळे बटाटे मिठाच्या पाण्यात होते आणि त्यांचं पुढे काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं.

सेंटिमीटरभर जाड काप करायचे, पाणी नितळ दिसेपर्यंत धुवायचे, मग अर्धा तास पाण्यात. वरचा सुटा स्टार्च आणि थोडी साखर निघून जाते. पाणी काढायचं म्हणता म्हणता मी त्यांना पाण्यात का बुडवतोय, असा प्रश्न बायकोनं विचारला. प्रश्न रास्त होता. यानंतर तर काप चक्क उकळत्या पाण्यातही जातात, आठ-दहा मिनिटं, लिटरला एक मोठा चमचा व्हिनेगर घालून. व्हिनेगर फार महत्त्वाचं. बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात सहज विरघळत नाही, त्यामुळे काप आतून शिजतात पण तुटत नाहीत. एकदा व्हिनेगर विसरलो तेव्हा चाळणीत फ्राइजऐवजी बटाट्याचं सूप ओतलं. निथळल्यावर पसरून ठेवायचे, त्यांच्याच उष्णतेनं वरची ओल वाफ होऊन जाते. शेवटी कापडानं टिपायचे.

मग पहिली तळणी १६० अंशांच्या आसपास, तीन-चार मिनिटं, रंग न येऊ देता. काढायचे, निववायचे, जमलं तर गोठवायचे. गोठताना बर्फाचे कण पेशी फोडतात, त्यामुळे दुसऱ्या तळणीत पाणी पटकन निघून जातं आणि आतला भाग हलका होतो. दुसरी तळणी १८५ ते १९० अंशांवर, सोनेरी होईपर्यंत. दोनदा तळणं हा मला आधी हॉटेलवाल्यांचा नखरा वाटायचा. आता वाटतं, उन्हाळ्यात तर हाच शहाणपणा आहे: लांबण लावणारं काम सकाळी उरकतं आणि संध्याकाळी कढईसमोर एका घाण्याला तीन मिनिटं उभं राहावं लागतं.

तेलाचा थर्मामीटर मी उशिरा घेतला, तोवर बुडबुड्यांवर चालवत होतो, आणि बुडबुडे खोटं बोलत नाहीत. ते म्हणजे बटाट्यातून पळणारं पाणी. काप टाकताना धो धो येतात, मग विरळ होतात, आवाज बारीक होतो. तो आवाज बारीक झाला की झारा घालायचा. कढईत गर्दी केली तर तेल थंडावतं, पाणी आत राहतं आणि काप तेल पितात. गोठलेल्या कापांवरचं हिम झटकून मगच सोडायचे, नाहीतर तेल असं उसळतं की स्वयंपाक सोडावासा वाटतो.

इतकं सगळं केलं, आणि पहिल्या यशस्वी घाण्यावर मी काय केलं? गरम राहावेत म्हणून झाकण ठेवलं. पॅटी होईपर्यंत आत पाऊस पडला होता. आता फ्राइज जाळीवर, उघडे, मीठ काढल्या काढल्या.

एअर फ्रायरमध्येही केले: उकडून, टिपून, चमचाभर तेल चोळून, २०० अंशांवर वीसेक मिनिटं, मध्ये दोनदा हलवून. स्वयंपाकघर तापत नाही, हे खरं. खायला चांगले लागतात. पण ते भाजलेले बटाटे आहेत, फ्राइज म्हणू नयेत.

बाकीचं सामान थोडक्यात. बन आतल्या बाजूनं कोरडा भाजायचा, म्हणजे सॉस मुरत नाही. काकडीला मीठ लावून पिळायचं, टोमॅटोच्या बिया काढून काप कागदावर ठेवायचे. लेट्यूस मात्र याला अपवाद, त्याला पाणी पाजायचं. बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवलं की मरगळलेली पानं ताठ होतात. कच्च्या कांद्याचे कापही त्याच पाण्यात, त्यांचा तिखटपणा उतरतो. काबुली चणे शिजवल्यावर उरणारं दाट पाणी मी आधी ओतून द्यायचो. आता त्याचेच तीन चमचे, मोहरीची पेस्ट, थोडं व्हिनेगर आणि हँड ब्लेंडर चालू ठेवून धारेनं सोडलेलं तेल, एवढ्यात बिनअंड्याचं मेयोनीज होतं. धार जाड झाली की फाटतं. दोनदा फाटलं, तिसऱ्यांदा जमलं, आणि त्या दिवशी मी पॅटीपेक्षा त्याचंच कौतुक जास्त करून घेतलं.

सहाव्या शनिवारी बायकोनं न विचारता दुसरा बर्गर घेतला. तिनं मांस सोडलेलं नाही, सोडायचा विचारही नाही. मी काही बोललो नाही. फ्रीझरमधल्या डब्यातल्या पॅटी आठवड्याच्या मध्येच कमी व्हायला लागल्या, तेव्हा मुलीनं झाकणावर चिठ्ठी चिकटवली: "मोजलेल्या आहेत."

आता तिनं रताळी आणून ठेवली आहेत, त्यांचे फ्राइज हवेत म्हणून. रताळ्यात साखर बटाट्याहून बरीच जास्त, त्यामुळे कुरकुरीत होण्याआधी रंग चढतो. भिजवून, टिपून, कॉर्नफ्लॉर लावून, आच कमी करून, असं दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा कडा काळ्या झाल्या आणि मधे मऊ राहिले. तिनं खाल्ले, नाव मात्र अजून सुचलेलं नाही म्हणते.